बाराशेची दोन हजार कास्टिंग कशी झाली

ऑगस्टचा पहिला सोमवार, सकाळचे साडेनऊ, बाहेर धो धो पाऊस आणि गेटवरून वॉचमन काकांचा फोन, "सर कोइंबतूरची गाडी आलीये पण आत वळत नाहीये." म्हटलं वळत नाही म्हणजे काय, दर महिन्याला तर येते. तर म्हणे नेहमीची छोटी नाही, मोठी आलीये, आख्खी भरून. मी तसाच भिजत पळालो. ड्रायव्हरकडून चलन घेतलं, क्वांटिटी २०००. आम्हाला पाहिजे होती १२००. आधी वाटलं दुसऱ्या कुणाचा माल चुकून आपल्याकडे आला, पण पार्ट नंबर आमचा, पीओ म्हणजे ऑर्डरचा नंबर आमचा, आणि खाली रिमार्कमध्ये "ॲज पर युवर मेल".

इंग्रजीत ‘वाढवणे’ला किती शब्द आहेत यावर लिहिलेलं ढिगानं सापडतं, पंचवीस शब्द, चाळीस शब्द, पाठ करा आणि छाप पाडा वगैरे. मी इथे एकाच मेलचं सांगतो. पाच-सहा ओळींचा मेल, त्यात तसले चार शब्द, आणि त्यापायी आमच्या टू-व्हीलर पार्किंगमध्ये आठशे कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले कच्चे पार्ट, येऊन पडली. चूक कुणाची हे शोधायला मी मोठ्या तावातावानं बसलो होतो हेही आधीच सांगून ठेवतो.

आमचं भोसरी एमआयडीसीत छोटं मशिनिंग युनिट आहे. कास्टिंग बाहेरून आणायची, टर्निंग-ड्रिलिंग करायचं, कस्टमरला द्यायची. हे जे कास्टिंग आहे ते कोइंबतूरच्या एका फौंड्रीतून येतं, महिन्याला ८००. जुलैमध्ये कस्टमरनं शेड्यूल वाढवलं, आता महिन्याला १२०० पाहिजेत. मी पीपीसी, म्हणजे प्रॉडक्शनचं प्लॅनिंग, बघतो आणि परचेसही बघतो, छोट्या कंपनीत एका माणसाच्या डोक्यावर दोन टोप्या असतातच, त्यामुळे मी त्या दिवशी कस्टमरकडे बसलेलो आणि तिथूनच आमच्या ऑफिसातल्या पोराला निरोप दिला की कोइंबतूरला मेल टाक. पोरगा बार्शीकडचा, मेकॅनिकल डिप्लोमा, शाळा पूर्ण मराठी मीडियम, आमच्याकडे येऊन आठ महिने झालेले. कामाला वाघ आहे, फक्त इंग्रजी मेल म्हटलं की घाम फुटतो. भोसरीतल्या किंवा कोल्हापूरच्या व्हेंडरला फोन करून मराठीत दोन मिनिटांत काम होतं, कोइंबतूरवाल्यांची हिंदी आपल्या तमिळइतकीच, मग इंग्रजीशिवाय पर्याय नाही, आणि लेखी तर इंग्रजीच.

त्यानं टाकलेला मेल जसाच्या तसा, फक्त देवनागरीत:

"डिअर सर, ड्यू टु अवर कस्टमर डिमांड इज रेझिंग, काइंडली ऑगमेंट द मंथली शेड्यूल बाय १२०० नंबर्स फ्रॉम ऑगस्ट. ऑल्सो कास्टिंग वेट इज राइझ्ड बाय यू फ्रॉम ३.४० टु ३.५५ केजी, प्लीज डू नॉट राइझ. वी विल रेझ डेबिट नोट फॉर एक्सेस वेट. काइंडली इन्क्रीज द डिलिव्हरी डेट ऑफ पेंडिंग ६० नंबर्स."

आता हा मेल इंग्रजीच्या बाईंना दिला तर त्या लाल पेन घेऊन डिमांड इज रेझिंगला गोल करतील, इज राइझ्डला गोल करतील, डू नॉट राइझला करतील, इन्क्रीज द डेटलाही करतील. ज्या एका तुकड्याला टिकमार्क मिळेल, व्याकरण बरोबर, शब्द भारी, प्रिपोझिशन जागेवर, तो म्हणजे ऑगमेंट बाय १२००. आणि ट्रक आणला तो नेमका त्यानंच. बाकी सगळं चुकीचं असून फौंड्रीला व्यवस्थित कळलं होतं. वजन कमी करायचंय हे कळलं, ६० नग उशिरा चालतील हे कळलं, डेबिट नोट येणार, म्हणजे बिलातून पैसे कापले जाणार, हे तर फारच चांगलं कळलं.

गाडी कशीबशी बाजूच्या प्लॉटमध्ये लावली आणि पोराला बोलावलं. पोरगा चलन बघूनच पांढरा पडला. मी कोइंबतूरला फोन लावला, स्पीकरवर टाकला. त्यांचा डिस्पॅचचा माणूस एकदम खुशीत, म्हणाला सर, ८०० प्लस १२००, टोटल २०००, तुमच्यासाठी दोन रविवार ओव्हरटाइम केला. वर म्हणाला आम्ही ॲक्सेप्टन्सही पाठवला होता. शोधला तर खरंच होता, पीडीएफ अटॅच केलेली, त्यात स्वच्छ लिहिलेलं एक्झिस्टिंग ८००, ॲडिशनल १२००, टोटल २०००. पोरानं ती न उघडताच "नोटेड, थँक्स" पाठवलं होतं. सीसीमध्ये मी होतो. मीही उघडली नव्हती, पण ते त्या क्षणी मी मोठ्यानं बोललो नाही.

मग मी त्याला विचारलं, बाबा रे, साधं इन्क्रीज सोडून हे ऑगमेंट कुठून आणलंस. तर त्यानं मोबाइल काढून एक फोटो दाखवला, कुठल्यातरी क्लासच्या नोट्सचं पान, वर हेडिंग ‘वाढवणे’ आणि खाली सगळी वरात: इन्क्रीज, रेझ, राइझ, ग्रो, एक्स्पांड, एक्स्टेंड, एनहान्स, एलिव्हेट, एस्केलेट, बूस्ट, हाइक, ऑगमेंट आणि अजून कितीतरी. प्रत्येकासमोर मराठी अर्थ एकच. वाढवणे. वाढवणे. वाढवणे. असं पान पाठ करणं म्हणजे वीस किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन कुठली किल्ली कुठल्या कुलपाची ते न विचारणं, पण त्याला तरी काय बोलणार, आपण सगळे असेच शिकलोय.

त्यानं काय विचार केला ते ऐकण्यासारखं आहे. पहिल्यांदा त्यानं लिहिलं होतं "रेझ द शेड्यूल". मग थांबला. का, तर आमच्या ऑफिसात रेज करणे हे आता मराठी क्रियापदच झालंय, इन्व्हॉइस रेज केलं का, पीआर म्हणजे खरेदीची मागणी रेज कर, आयटीला तिकीट रेज कर, क्वालिटीनं एनसी म्हणजे मालातल्या खोटीची नोंद रेज केली. आठ महिने हेच कानावर पडून त्याच्या डोक्यात रेझ म्हणजे ‘काढणे’ असं बसलेलं. बिल काढणे, तसं. म्हणाला, "सर, रेझ द शेड्यूल म्हणजे नवीन शेड्यूल काढा असं वाटलं असतं त्यांना." मला हसावं का रडावं कळेना, कारण पोरगं अगदीच चुकीचं नव्हतं! रेझ अ डेबिट नोटमध्ये रेझचा अर्थ काढणे असाच आहे, त्यात वाढत काहीच नाही. रेझ अ क्वेश्चन म्हणजे प्रश्न काढणे, रेझ मनी म्हणजे पैसे उभे करणे, रेझ चिल्ड्रन म्हणजे पोरं वाढवणे, रेझ युवर हँड म्हणजे हात वर करणे. मुळात खाली पडलेलं वर उचलायचं, मग ते हात असो, पैसा असो नाहीतर मूल असो. मग इन्क्रीज त्याला फारच साधं वाटलं, साहेबांच्या नावानं मेल जातोय म्हणून यादीतला वजनदार शब्द उचलला.

आणि ऑगमेंट इथे किती वाईट बसलं बघा. इन्क्रीज बाय १२०० असतं तरी अर्थ तोच झाला असता, पण निदान वाचणाऱ्याला एखादी शंका तरी आली असती. ऑगमेंटचा रोखच असा की जे आहे ते ठेवा आणि त्यात भर घाला. लॅटिनमध्ये ज्या धातूवरून हा शब्द आला त्याच धातूवरून ऑक्शनही आलाय, लिलाव, जिथे प्रत्येक बोलीला भाव वर चढत जातो. म्हणजे फौंड्रीवाल्यांनी जे वाचलं त्याच्याशिवाय दुसरं काही वाचणं शक्यच नव्हतं.

राइझ आणि रेझचं मात्र पोराला बसवून सांगितलं, आणि मला वाटतं मराठी माणसाला हे साहेबापेक्षा लवकर कळायला पाहिजे. आपल्याकडे पडणे आणि पाडणे वेगळं, चढणे आणि चढवणे वेगळं, वाढणे आणि वाढवणे वेगळं. वाढतं ते आपलं आपण, वाढवतो तो कुणीतरी. डिमांड वाढली तर राइझ, आम्ही भाव वाढवला तर रेझ. राइझ, रोझ, रिझन हे ‘वाढणे’चं कुटुंब, रेझ, रेझ्ड, रेझ्ड हे ‘वाढवणे’चं, आणि राइझ्ड नावाचं कुणी कुठल्याच घरात राहत नाही. इंग्रजीतही पूर्वी अशा जोड्या होत्या, अजून थोड्या शिल्लक आहेत, फॉल म्हणजे पडणे तर फेल म्हणजे झाड पाडणे, सिट आणि सेट, लाय आणि ले. गंमत म्हणजे रेझ हा शब्द मूळ इंग्रजांचा नाहीच, तो नॉर्स लोकांच्या भाषेतून आलेला, इंग्रजांचा स्वतःचा शब्द होता रिअर, तो आता मेंढ्या-कोंबड्या आणि फार तर पोरं वाढवण्यापुरता उरलाय. आपण आपला ‘व’ लावून बहुतेक क्रियापदांची जोडी बनवतो, त्यांना ती सोय आता नाही, म्हणून ही दोन-चार उरलेली जोडपी पाठ करावी लागतात.

पोरानं बरोबर प्रश्न विचारला. "मग सर इन्क्रीज दोन्हीकडे कसं चालतं?" चालतं बुवा. प्राइस इन्क्रीज्ड पण बरोबर आणि वी इन्क्रीज्ड द प्राइस पण बरोबर. तो शब्द फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आलेला, चंद्राची कोर म्हणजे क्रेसेंट त्याच घराण्यातली, वाढत जाणारी. म्हणून मी त्याला सरळ सांगितलं, राइझ की रेझ असा घोळ झाला की इन्क्रीज लिही आणि मोकळा हो, कुणीही तुला कमी शिकलेला समजणार नाही. फक्त तारखेला इन्क्रीज लावू नको. मराठीत तारीख वाढवून घेतात, कोर्टात तर वर्षानुवर्षं वाढवून घेतात, पण इंग्रजीत तारीख एक्स्टेंड होते. इन्क्रीजला मोजता येणारं काहीतरी लागतं, नग, किलो, रुपये. क्वालिटीला एनहान्स किंवा इम्प्रूव्ह, धंद्याला एक्स्पांड किंवा ग्रो, आणि शेड्यूल हळूहळू चढवत न्यायचं असेल तर आमच्या लाइनमधला शब्द रॅम्प अप. एस्केलेट हा शब्द तर चुकूनही भावाला किंवा शेड्यूलला लावायचा नाही, आमच्याकडे एस्केलेट म्हटलं की साहेबाच्या साहेबाला मेल गेला असाच अर्थ होतो आणि पुढे चार दिवस कुणी धड बोलत नाही. हा शब्द बनला एस्केलेटरवरून, सरकत्या जिन्यावरून. एस्केलेटर हे ओटिस कंपनीचं ट्रेडमार्क नाव होतं, १९५० मध्ये त्यांचा हक्क गेला आणि नाव सगळ्यांचं झालं. पगाराचं अजून वेगळंच, अमेरिकेत पगाराला रेझ मिळते, इंग्लंडमध्ये राइझ मिळतो आणि आपल्याकडे हाइक मिळते, किंवा नाही मिळत.

हे सगळं सांगताना मी जाम फॉर्मात होतो. खरा मुद्दा शेवटाला ठेवलेला. म्हटलं, हे सगळे शब्द गेले खड्ड्यात, तुला क्रियापदानं नाही मारलं, तुला मारलं त्या दोन अक्षरी ‘बाय’नं. बाय म्हणजे कितीनं वाढलं, टु म्हणजे वाढून किती झालं. त्याला पटावं म्हणून रिझर्व्ह बँकेचं उदाहरण दिलं, ८ फेब्रुवारी २०२३ ला रेपो रेट वाढवला तेव्हा रेट रेझ्ड बाय २५ बेसिस पॉइंट्स टु ६.५० परसेंट, एका वाक्यात दोन्ही. आधी ६.२५ होता, पाव टक्क्यानं वाढला, साडेसहावर गेला. ‘बाय ६.५०’ लिहिलं असतं तर होम लोनवाले जागेवर गेले असते. आणि त्यातही एक पाचर आहे, पाव टक्क्यानं वाढला म्हणजे पाव पॉइंटनं, ६.२५ च्या हिशोबात बघितलं तर ती वाढ ४ टक्के होते, म्हणून ते लोक टक्के न म्हणता बेसिस पॉइंट म्हणतात. पोरगा मान डोलवत होता. मग मी विचारलं, "एवढं साधं आहे, तर मग बाय कशाला घातलंस रे?"

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, तुम्हीच सांगितलं होतं."

"मी? मी कधी?"

त्यानं व्हॉट्सॲप उघडलं, वर वर सरकवत जुलैत गेला आणि माझा व्हॉइस मेसेज लावला. मागे कस्टमरच्या शॉपचा खडखडाट आणि माझा आवाज, "अरे कोइंबतूरचं शेड्यूल वाढवून घे रे, बाराशेनं, ऑगस्टपासून. आणि ते वजनाचं पण लिही."

बाराशेनं.

परत लावायला सांगितलं. परत तेच. माझ्या डोक्यात त्या वेळी काय होतं ते मला पक्कं आठवतंय, महिना बाराशेनं माल आला पाहिजे. म्हणजे दर. आपण बोलतोच की तसं, मेथी वीसनं दिली, दूध साठनं घेतो, रोज पन्नासनं पार्ट निघतायत. आणि दुसरीकडे पगार दोन हजारनं वाढला, ताप एका डिग्रीनं वाढला, तिथे तोच ‘नं’ म्हणजे फरक. दोन्हीकडे एकच प्रत्यय, बिचारा ‘ने’, तृतीया एकवचन. बोलताना काही अडत नाही कारण समोरच्याला धंदा माहीत असतो, मेथी वीसनं वाढली आणि मेथी वीसनं दिली यात गिऱ्हाईक कधी गोंधळत नाही, क्रियापद ऐकलं की कळतं. मी मात्र दराचा ‘नं’ नेऊन ‘वाढवून घे’ला चिकटवला. त्या वाक्याचा सरळ मराठी अर्थ बाराशेची भर घाल असाच होतो, मी स्वतः पंच म्हणून बसलो असतो तरी पोराच्याच बाजूनं निकाल दिला असता. शाळेत विभक्ती शिकताना तृतीयेच्या प्रत्ययांसमोर बाय लिहिलेलं असतंच, त्यानं ‘नं’ बघितला आणि बाय लिहिलं. मेलमध्ये शब्दाला शब्द धरून एकच गोष्ट अचूक भाषांतर झाली होती, ती म्हणजे माझी चूक.

म्हटलं, तुला विचारावंसं नाही वाटलं का, ८०० वरून एकदम २०००? तर म्हणाला, "वाटलं ना सर. पण म्हटलं एवढी मोठी ऑर्डर आलीये, चांगलंच आहे की." त्याला कस्टमरचा नवा आकडा मी सांगितलेलाच नव्हता. कस्टमरचं शेड्यूल माझ्या मेलबॉक्सात, तो बिचारा आनंदात.

पैशाचं पटकन सांगतो. जास्तीची ८०० कास्टिंग, ३.४० किलोनं धरली तर २,७२० किलो, ११८ रुपये किलोनं (बघा, लिहितानाही तोच ‘नं’ आला) ३,२०,९६० रुपये, जीएसटी वेगळा. रक्कम बुडाली नाही, कास्टिंग कामाची होती, पण दोन महिन्यांनी द्यायचे पैसे आधी द्यायची वेळ आली, आणि फौंड्री एमएसएमईमध्ये रजिस्टर असल्यामुळे ४५ दिवसांच्या पुढे लोंबकळवायचीही सोय नाही. बँकेची कॅश क्रेडिट लिमिट आधीच काठोकाठ. फौंड्रीशी बोलून एवढं करून घेतलं की सप्टेंबरला १२०० ऐवजी फक्त ४००, म्हणजे दोन महिन्यांत हिशोब जुळेल. ते तयार झाले. ओव्हरटाइमचे पैसे मागितले नाहीत, पण पुढची चार-पाच संभाषणं त्यांनी ओव्हरटाइमच्या आठवणीनंच सुरू केली. वजनाचंही त्यांनी मान्य केलं, मोल्ड मऊ भरला जात होता म्हणून कास्टिंग फुगत होतं, नगामागे १५० ग्रॅम म्हणजे १७ रुपये ७० पैसे, आणि त्याची डेबिट नोट पोरानं अगदी व्यवस्थित रेझ केली.

खरा त्रास जागेचा आणि गंजाचा. स्टोअरमध्ये १२०० च कशीबशी मावली. उरलेली पार्किंगच्या पत्र्याखाली पॅलेटवर रचली, भोसरीतला ऑगस्ट, पत्रा गळका, दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर वरच्या थरावर केशरी झाक आलेली. कच्च्या कास्टिंगला पाणी लागलं की रात्रीत रंग बदलतो. मशिनिंग झाल्यावर वरचा गंज निघून जातो, पण जी बाजू मशिन होत नाही तिथे डाग राहतो आणि कस्टमरचा इन्स्पेक्टर नेमका तोच बघतो. मग गुरुवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, पोरगा, मी आणि स्टोअरचे मामा असे तिघं येऊन बसलो, बादलीत रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑइल, हातात चार इंची ब्रश, आणि एकेक कास्टिंग उचलून पुसून तेल लावून परत ठेवायचं. आठशे. दीडशेव्या कास्टिंगनंतर कंबर बोलायला लागते. मामा म्हणाले, "सायेब, ते इंग्लिश मला बी शिकवा, मी बी ट्रक मागिवतो एक."

मालकांना गाडी आली त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं होतं. व्हॉइस मेसेजसकट. आधी वाटलं होतं ते राहू दे, मेल तर पोराचाच आहे ना, सीसीचं कोण बघतंय. पण तो मेसेज त्याच्या फोनमध्ये तसाच होता आणि त्यानं तो स्वतःहून कुणालाही ऐकवला नव्हता, मी विचारीपर्यंत. मालकांनी दोघांना उभं करून सारखंच झापलं, "कास्टिंगचं दुकान टाकायचंय का आपल्याला?" आणि मग चहा मागवला.

आता आमच्याकडे शेड्यूलचा मेल जातो त्यात जुना आकडा, नवा आकडा आणि फरक असे तिन्ही लिहायचे. "प्लीज इन्क्रीज फ्रॉम ८०० टु १२००, दॅट इज, ४०० मोअर." कुणाला बाय-टु कळो न कळो, तीन आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत, नाही जुळले तर समोरचा फोन करतो. निरोपही आता मी "बाराशे कर" असाच देतो, वाढव हा शब्दच काढून टाकलाय. पट हा शब्दही बंद. दुपटीनं वाढ असं लोक सर्रास लिहितात, म्हणजे दुप्पट झालं की तिप्पट झालं ते लिहिणाऱ्यालाच माहीत, इंग्रजीत थ्री टाइम्स मोअरचाही तोच घोळ. त्यापेक्षा आकडा बरा.

एक मात्र झालं, त्या प्रकरणापासून पोराला वाढणे या शब्दाचं वेड लागलंय. डबा खाताना मावशी आमटी घेऊन आल्या की म्हणतो, मावशी, हे वाढणं इंग्रजीत सर्व्ह, आणि पोटाचं वाढणं ग्रो, आणि माझा पगार वाढणं, त्याला अजून शब्द निघायचाय. मावशी म्हणतात, "तू जेव." एकदा मला विचारलं, सर, बांगडी वाढवली म्हणतात तिथे तर बांगडी फुटलेली असते, मग तिथे इन्क्रीज कसं करायचं? म्हटलं बाबा, फुटली हा शब्द तोंडातून जाऊ नये म्हणून वाढवली म्हणतात, ते इंग्रजीत नेऊ नको, तिकडे जाऊन ती परत फुटेल.

दसऱ्याला मशिनची पूजा होती. सगळ्या सीएनसींना झेंडूच्या माळा, कूलंटच्या वासात उदबत्तीचा वास, आणि मामांनी उरलेल्या एका पॅलेटलाही माळ घातलेली, कास्टिंग ऐंशी-नव्वदच राहिली असतील त्यावर. मालकांनी नारळ पोराच्या हातात दिला, म्हणाले वाढव रे. पोरगा नारळ घेऊन तसाच उभा. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "सर, कितीनं?"

मालकांना ऐकू गेलं नाही, बरं झालं.